लंडनने सांगितलं पूर्ण ख्रिस्ती हो, पुण्याने सांगितलं पूर्ण हिंदू हो : एकट्या आईने दोघांनाही नाही म्हटलं

खराडीच्या आयटी पार्कमधून बाहेर पडायचं, मुंढवा-हडपसर करत सोलापूर रस्त्याला लागायचं. यवत मागे टाकलं की चौफुला येतो आणि तिथून थोडं आत गेलं की केडगाव. या केडगावात एक संस्था आहे, मुक्ती मिशन. निराधार बायका आणि मुलींसाठी ती उभी राहिली, त्याला आता सव्वाशे वर्षं होऊन गेली.

खराडीच्या कंपन्यांमध्ये काम करणाऱ्या कित्येक आयांना रोज तेच प्रश्न पडतात. ऑनसाइट जायचं तर पोरीला कुठे ठेवायचं? परदेशात वाढली तर तिला मराठी येईल का? घरी नॉनव्हेज नाही, मग शाळेच्या डब्याचं काय? हे प्रश्न आजचे वाटतात, पण केडगावची ही संस्था उभी करणाऱ्या बाईसमोर ते १८८३ सालीच येऊन उभे होते. तेव्हा डे-केअर नव्हतं, व्हिडिओ कॉल नव्हता आणि घरी नवराही नव्हता.

ही गोष्ट पंडिता रमाबाईंची आणि त्यांच्या मुलीची, म्हणजे मनोरमाची.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, त्या काळाच्या मानाने हा मोठाच गुन्हा होता. पुढे आईने ती विद्या लेकीला दिली. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरायचं. मग दुष्काळ आला आणि आई, वडील, थोरली बहीण एकामागोमाग गेले. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले.

तिथे एक विशीतली मुलगी शास्त्रार्थ करते, हजारो श्लोक पाठ म्हणते हे पाहून पंडित मंडळी थक्क झाली. पंडिता आणि सरस्वती या पदव्या तिथल्याच.

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. नवऱ्याची जात वेगळी, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. संसार आसामात सिल्चरला सुरू झाला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले.

म्हणजे हिशेब असा. वय २३. आईवडील नाहीत, भाऊ नाही, बहीण नाही, नवरा नाही. पदरात दहा महिन्यांची मुलगी. समाजाच्या लेखी अशा बाईने केस उतरवून कोपऱ्यात बसायचं असतं.

रमाबाई पुण्यात आल्या आणि भाषणं देऊ लागल्या.

१८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज उभा केला. सरकारने शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या हंटर आयोगासमोर साक्ष दिली आणि बायकांसाठी शिक्षिका हव्यात, डॉक्टरणी हव्यात अशी मागणी केली. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. या पुस्तकाच्या विक्रीतून बोटीच्या तिकिटाचे पैसे उभे केले. त्यांना इंग्लंडला जाऊन डॉक्टर व्हायचं होतं.

१८८३ मध्ये त्या निघाल्या. सोबत दोन वर्षांची मनोरमा.

पहिला धक्का तिथे पोहोचल्यावर बसला. रमाबाईंना नीट ऐकू येत नव्हतं, त्यामुळे डॉक्टरकीचा मार्ग बंद झाला. दुसरी घटना त्यांच्या आयुष्याला कायमची चिकटली. सप्टेंबर १८८३ मध्ये वॉन्टेज इथल्या मठात राहत असताना रमाबाईंनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. ही बातमी पुण्यात पोहोचली आणि कालपर्यंत ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं, त्यांनी पाठ फिरवली.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढची सहसा कुणी सांगत नाही.

बाई ख्रिस्ती झाली म्हणजे आता आपल्यासारखी होणार, असं मठातल्या लोकांना वाटलं होतं. झालं उलटंच. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, अंडं घातलेलं पुडिंगही चालायचं नाही. मठवासिनींना हा जुन्या जातीचा अभिमान वाटायचा. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं असायची, तर रमाबाईंचा आग्रह संस्कृतचा. कारण साधं होतं, लॅटिन भारतात कुणाला कळणार? चर्चची काही तत्त्वं त्यांच्या बुद्धीला पटली नाहीत, तर तीही त्यांनी मुकाट्याने मान्य केली नाहीत.

चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विषय निघाला तेव्हा भारतातल्या बिशप मंडळींनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर भारतात चुकीचा संदेश जाईल, असं त्यांचं म्हणणं. कलकत्त्याच्या पंडितांसमोर सभा जिंकलेल्या बाईला हे ऐकावं लागलं.

पण सगळ्यात मोठा वाद झाला मनोरमावरून.

आई चेल्टनहॅमला आणि मुलगी वॉन्टेजला मठवासिनींकडे. त्या तिला प्रेमाने सांभाळत होत्या, यात शंका नाही. पण मुलीला धर्म कोणता आणि किती शिकवायचा हे कोण ठरवणार? मठाचं म्हणणं होतं, आम्ही. आई अजून शंका घेते, मग लेकरू तिच्या हातात कसं द्यायचं? रमाबाईंचं म्हणणं होतं, मुलगी माझी आहे, तिचं मी ठरवणार. मनोरमा इंग्रज बनून आपल्याच माणसांना परकी होऊ नये, तिने भारतीय म्हणूनच मोठं व्हावं, हा त्यांचा हट्ट होता. मठवासिनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा या सगळ्यावर झालेला पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आश्रयाला आपण राहतो, त्यांनाच एक विधवा आई किती ठामपणे नाही म्हणू शकते, हे त्यातून कळतं.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई मनोरमाला घेऊन अमेरिकेला गेल्या आणि काम वाढलं म्हणून जवळपास तीन वर्षं तिथेच राहिल्या. गावोगावी भाषणं, भारतातल्या उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक, बालविधवांच्या शाळेसाठी निधी. या धावपळीत पाच वर्षांच्या मुलीला सोबत फिरवणं जमेना. शेवटी तिला इंग्लंडला परत पाठवावं लागलं, ज्यांच्याशी वाद होता त्यांच्याचकडे. करिअरची किंमत आई कशी मोजते, ते या एका निर्णयात दिसतं. दुसऱ्यांच्या लेकींसाठी घर बांधायला निघालेली बाई स्वतःच्या लेकीपासून एका महासागराएवढी लांब होती.

१८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि शाळेचा दहा वर्षांचा खर्च उचलायचं ठरलं. १८८९ मध्ये रमाबाई परतल्या आणि ११ मार्चला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये एक विधवा मुलगी होती गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई कर्वे. अमेरिकेचा अनुभव रमाबाईंनी लिहिला तो मात्र मराठीत, आपल्या माणसांसाठी.

१८९० मध्ये शारदा सदन पुण्यात आलं आणि वॉन्टेजचा वाद उलट्या बाजूने सुरू झाला.

सदनात धर्म शिकवायचा नाही, मुलींना आपापले आचार पाळता यावेत, असा नियम होता. पण रमाबाई आपल्या खोलीत मनोरमासोबत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. ज्या मुलींना यावंसं वाटे, त्या येऊन बसायच्या. पुण्याचं म्हणणं, दार लावून घ्या. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या घरात माझ्या मुलीसोबत प्रार्थना करताना मी दार का लावू? ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

पालकांची भीती खोटी होती असं म्हणता येणार नाही, कारण पुढे काही मुलींनी खरंच ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण विधवा मुलींना दुसरं दार कुणी उघडून ठेवलं होतं, हा प्रश्नही तेवढाच खरा होता.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, शहरात जागा नव्हती. केडगावला शेत घेतलेलं होतं, तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे जवळपास दोन हजार जणी होत्या. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना सगळं बायका चालवायच्या. ज्या आईला एक मूल सांभाळताना दोन देशांशी भांडावं लागलं, ती आता हजारोंची आई झाली होती.

आणि मनोरमा?

ती परकी झाली नाही. मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली, अमेरिकेतही शिकली आणि परत येऊन आईच्या कामात उतरली. शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली, गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. संस्था पुढे मनोरमाच चालवणार हे जवळपास ठरलेलं होतं.

पण जुलै १९२१ मध्ये, चाळिशीतच, मनोरमा मिरजेला गेली.

रमाबाई तेव्हा बायबलचं भाषांतर पूर्ण करत होत्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत. हे काम त्यांनी कित्येक वर्षं चालवलं होतं. ज्यांना बाई मराठीपणाला मुकली असं वाटत होतं, त्यांना त्यांनी शेवटी मराठीतूनच उत्तर दिलं. मनोरमानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या.

मातृत्व, काम आणि आपली ओळख या तिन्हींपैकी एक सोडा, असं त्यांना आयुष्यभर सांगण्यात आलं. त्यांनी एकही सोडलं नाही. तिन्ही सांभाळणं त्यांना सोपं गेलं असं मात्र कुणी म्हणू नये. मनोरमाच्या लहानपणातली ती दूर गेलेली वर्षं रमाबाईंना कधीच परत मिळाली नाहीत.