आरसे घासणारा संगीतकार

दुर्बीण म्हटलं की आपल्याला भिंग आठवतं. पण आजच्या सगळ्यांत मोठ्या दुर्बिणींमध्ये भिंग नसतं, आरसा असतो. मधे किंचित खोलगट, ताटलीसारखा. असा आरसा घरी, हाताने घासून बनवायचा असेल तर? विल्यम हर्शलने तेच केलं.

विल्यमचा जन्म १७३८ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. वडील लष्कराच्या बँडमध्ये वादक होते. तोही संगीत शिकला आणि पुढे इंग्लंडमधल्या बाथ या गावी स्थायिक झाला. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, दिवसभर शिकवण्या घ्यायचा. रात्री मात्र त्याला आकाश बघायचं असे. मोठी दुर्बीण विकत घेणं परवडेना, म्हणून १७७३ मध्ये त्याने स्वतःच आरसे घासायला घेतले.

तेव्हाचे आरसे काचेचे नव्हते. तांबं आणि कथील वितळवून चकती ओतायची. ती खरखरीत पूड घालून घासायची, हळूहळू खोलगट करायची. मग डांबरासारख्या चिकट थरावर अगदी बारीक पूड लावून चमकवायची. केसाच्या जाडीचा शंभरावा भाग इतकी चूकही चालत नाही, चित्र धूसर दिसतं! एकदा तर विल्यमने सलग १६ तास आरशावरून हात काढला नाही. मग जेवणार कसा? त्याची बहीण कॅरोलिन त्याला घास भरवायची आणि कंटाळा येऊ नये म्हणून गोष्टी वाचून दाखवायची.

खरं तर कॅरोलिन १७७२ मध्ये बाथला आली ती गाणं शिकायला. ती छान गायची. बर्मिंगहॅमहून गाण्याचं बोलावणंही आलं होतं, पण भावाशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताखाली गायला तिने नकार दिला.

१३ मार्च १७८१ च्या रात्री, घरी बनवलेल्या दुर्बिणीतून विल्यमला एक अनोळखी ठिपका दिसला. आरसा जेमतेम सहा इंचांचा. आधी त्याला तो धूमकेतू वाटला. तो निघाला नवा ग्रह, युरेनस!

त्याच वर्षी त्याने तीन फुटी आरसा ओतायचं ठरवलं, तेही घराच्या तळघरात. साचा होता घोड्याच्या लिदीचा. कॅरोलिनने ती लीद कुटली, चाळली. (किती बादल्या, विचारू नका.) पहिला आरसा थंड होताना तडकला. दुसऱ्या वेळी भट्टीच गळली. वितळलेला धातू फरशीवर पसरला, दगड फुटून छतापर्यंत उडाले आणि सगळे जीव घेऊन पळाले. ते घर आता संग्रहालय आहे. इंग्लंडमध्ये राहत असाल तर जाऊन बघा, तडकलेल्या फरशा अजून तिथे आहेत.

१७८२ मध्ये राजाने विल्यमला वर्षाला २०० पौंड पगार दिला. त्याने संगीताचा व्यवसाय सोडला, आणि कॅरोलिनचं गाणंही तिथेच थांबलं. हे मला वाचताना खटकतं. तिला कुणी विचारलं असेल का?

१७८९ मध्ये त्याने चार फुटी आरशाची ४० फूट लांब दुर्बीण पूर्ण केली. ती प्रसिद्ध झाली खरी, पण वापरायला अवघड होती. आरसा लवकर काळवंडायचा. विल्यम बहुतेक वेळा आपली जुनी २० फुटीच वापरायचा. १८२२ मध्ये तो वारला.

आणि कॅरोलिन? विल्यमने तिच्यासाठी लहान दुर्बिणी बनवल्या, आणि तिने आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून तिलाही राजाकडून वर्षाला ५० पौंड पगार मिळू लागला, तिच्या स्वतःच्या नावाने.