कात्री आणि रंगीत कागद

अपेंडिक्स आपल्या हॉस्टेलमध्येही वर्षाला एक-दोघांचं निघतंच. पोरं घरी जातात, आईच्या हातचं खातात आणि परत आल्यावर सबमिशनच्या नावाने बोंब मारतात. आंरी मातिसचं मात्र अपेंडिक्सच्या दुखण्याने अख्खं आयुष्यच बदललं.

मातिस मूळचा वकिली लाइनचा. जन्म ३१ डिसेंबर १८६९, उत्तर फ्रान्स. वाढला बोहँ नावाच्या विणकरांच्या गावात. वडिलांचा धान्य-बियाण्यांचा व्यापार. पॅरिसला कायदा शिकून आला आणि एका वकिलाच्या कचेरीत कारकुनी धरली. १८९० च्या सुमारास दुखण्याने अंथरूण धरलं. विशीतलं पोरगं, वेळ जाता जाईना, म्हणून आईने रंगांची पेटी आणून दिली. छापील चित्रं समोर ठेवून हा नकला करत बसला. डोक्याला ताप नाही असं काम! पण ते इतकं लागलं की १८९१ मध्ये वकिली सोडून थेट पॅरिस गाठलं. घरी काय झालं असेल, ते ज्यांनी घरी कधी ब्रँच बदलायचा विषय काढला आहे त्यांना मी सांगायला नको.

पुढची पन्नास वर्षं भर्रकन सांगतो, ती कुठल्याही पुस्तकात मिळतात. १९०५ च्या प्रदर्शनात त्याचे भडक रंग बघून टीकाकारांनी त्याला आणि मित्रांना जंगली जनावरांत काढलं. मग नाव झालं, पैसा आला, पिकासोशी दोस्ती आणि चुरस दोन्ही झाली.

माझ्या दृष्टीने खरी गोष्ट सुरू होते जानेवारी १९४१ मध्ये. वय ७१. आतड्याचा कॅन्सर निघाला, लियाँ शहरात मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतर फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या अडकल्या. जगला, पण पोटाचे स्नायू कायमचे कमजोर झाले. फार वेळ उभं राहणं संपलं. पुढचे बरेच दिवस पलंग नाहीतर चाकांची खुर्ची. ईझलसमोर तासन् तास उभं राहणाऱ्या माणसाने आता करायचं काय?

इथे थोडं विषयांतर करतो. आमच्या विंगमधला एक जण केमो घेऊन परत आला तेव्हा आम्ही काय केलं? वर्ष वाया जाऊ नये म्हणून नोट्सचा ढीग त्याच्या कॉटवर नेऊन ठेवला. अर्धं पान वाचलं की त्याची नजर घसरायची, आणि तेवढ्यानेच तो खचायचा. दिवाळीत आम्ही आकाशकंदील करत होतो तेव्हा त्याने आपणहून कात्री मागितली आणि बसल्या बसल्या पताका कापू लागला. दमला की ठेवायचा, तासाभराने परत घ्यायचा. डेरिव्हेशनसारखं मधेच धागा तुटला म्हणून पहिल्यापासून सुरू करायची भानगड नाही. मातिस मला नीट कळला तो तेव्हा.

मातिसने नेमकी हीच सोय शोधली. मदतनीस मुली कागदांवर गुआश म्हणजे जाड जलरंग सपाट फासून ठेवायच्या. हा बसून, कधी पलंगावरूनच, मोठ्या कात्रीने आकार कापायचा. पानं, मासे, पक्षी. मग ते तुकडे भिंतीवर टाचण्यांनी लावायचे. हा लांबून बघणार, हे जरा वर घ्या, ते खाली घ्या म्हणणार. डिंक अगदी शेवटी. चुकलं तर टाचणी काढायची, बस्स! युक्ती तशी जुनीच. तिशीच्या दशकात मोठ्या भित्तिचित्राची जुळवाजुळव त्याने कागद कापूनच केली होती. तेव्हा ते ट्रायल घेण्याचं साधन होतं, आता तेच काम झालं.

आणि हे काही निवांत दिवस नव्हते. महायुद्ध चालू होतं. १९४४ मध्ये त्याची वेगळी राहणारी पत्नी आणि मुलगी मार्गरीत यांना गुप्त प्रतिकार चळवळीतल्या कामासाठी गेस्टापोने पकडलं. मुलीचा छळ झाला. दोघी वाचल्या. 'जाझ' या पुस्तकातली रंगीत चित्रं त्याच काळातली. पुस्तक आलं १९४७ मध्ये. सर्कसची गमतीदार चित्रं म्हणून ती बघणाऱ्यांना त्यातला काळा रंग दिसत नाही असं माझं मत.

ऑपरेशननंतर तो तेरा वर्षांहून जास्त जगला. त्याची शुश्रूषा केलेली एक तरुणी पुढे नन झाली. तिच्यामुळे त्याने वाँस गावच्या चॅपेलचं काम घेतलं, रंगीत काचांचे नमुने कागद कापून ठरवले. १९५१ मध्ये ते पुरं झालं. १९५२ च्या उन्हाळ्यात पोहणारे बघायला कानला गेला, उन्हाने हैराण होऊन परतला आणि नीसच्या घरातल्या जेवणाच्या खोलीच्या भिंतींवर निळ्या कागदाचा तलाव केला, एकूण लांबी सोळा मीटरच्या वर!

शेवटचं काम न्यूयॉर्कजवळच्या एका चर्चच्या गोल खिडकीचं. ३ नोव्हेंबर १९५४ ला नीसमध्ये तो वारला, तेव्हा नमुना तयार होता. त्यावरून केलेली काच १९५६ मध्ये बसवली.