कणसावरचे ठिपके

१९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढे कमलाबाई सोहोनी, यांना केवळ स्त्री म्हणून नाकारलेला प्रवेश त्यांनी हट्टाने मिळविला, ही आमच्या बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधील हकीकत आपणांस परिचयाची आहे. त्याच काळात अमेरिकेत धडपडणाऱ्या बार्बारा मॅक्लिंटॉक यांचे चरित्र मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

त्यांचा जन्म १६ जून १९०२ रोजी हार्टफर्ड येथे झाला. मुलगी फार शिकली तर तिचे लग्न जमणार नाही, अशी त्यांच्या मातोश्रींना धास्ती. आपणां मराठी वाचकांना ती अनोळखी वाटू नये! तरीही त्या कॉर्नेल विद्यापीठात गेल्या, १९२७ मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि मक्याच्या गुणसूत्रांच्या अभ्यासाला त्यांनी वाहून घेतले.

१९४१ पासून कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे त्यांचे मक्याचे शेत होते. काही दाण्यांवर जांभळे ठिपके असत, कुठे मोठे, कुठे बारीक. असे का? रंगाच्या जनुकात एखादा तुकडा शिरला की रंग बंद पडतो. दाणा वाढत असता तो तुकडा निघून गेला की तेथून पुढच्या पेशींत रंग परततो. तुकडा लवकर निघाला तर ठिपका मोठा, उशिरा निघाला तर बारीक. प्रत्यक्ष उडी कोणासही दिसत नाही. बाईंनी ती ठिपक्यांवरून वाचली.

जनुके म्हणजे माळेत ओवलेले स्थिर मणी, असा तेव्हाचा समज होता. १९५१ च्या परिषदेत बाईंनी आपले काम मांडले, तेव्हा विद्वानांनी थंडपणे ऐकून घेतले. पुढे नियतकालिकांतून या विषयावर लिहिणे त्यांनी जवळजवळ सोडले. शेत मात्र सोडले नाही. आम्हांस त्यांच्या नोबेलहून ही गोष्ट मोठी वाटते. ते पारितोषिक १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी मिळाले. २ सप्टेंबर १९९२ रोजी त्या निवर्तल्या.

माणसाच्या जनुकसंचाचा सुमारे ४५ टक्के भाग अशाच भटक्या तुकड्यांचा वा त्यांच्या अवशेषांचा आहे. बहुतेक आता निपचित आहेत. पण १९८८ मध्ये हेमोफिलियाच्या दोन रुग्णांत एक तुकडा रक्त गोठविणाऱ्या जनुकात नव्याने शिरलेला आढळला. हे तुकडे जागा सोडीत नाहीत, आपली नक्कल दुसरीकडे रोवतात. १९९६ मध्ये ती हालचाल मानवी पेशींत टिपण्याची युक्ती निघाली. तुकड्याला औषधाचा प्रतिकार करणारे जनुक जोडायचे, पण असे खंडित करून, की नक्कल दुसरीकडे रोवली गेली तरच ते कामास लागावे. मग पेशींवर औषध घालायचे आणि बशीत तगून राहिलेल्या पेशींचे पुंजके मोजायचे. बाई ठिपके मोजीत, तसेच.