नवापूरची पागा सोनगडला गेली अन् बडोद्याचं राज्य उभं राहिलं

पिलाजीराव गायकवाड हे सेनापती दाभाड्यांच्या हाताखालचे सरदार. तीस-चाळीस घोड्यांची पागा घेऊन ते नवापूरला होते. पण त्या ठाण्यावर दुसऱ्या मराठा सरदारानं हक्क सांगितला आणि पिलाजीरावांना तळ हलवावा लागला. १७१९ मध्ये त्यांनी मेवाशी भिल्लांकडून सोनगडचा डोंगर घेतला. सुरत तिथून पन्नासेक मैल.

पावसाळ्यात छावणी करायची, घोडी पोसायची, माणसं तयार करायची आणि दसऱ्यानंतर मुलुखगिरीला निघायचं, ही तेव्हाची रीत. बारगिराला घोडं सरकारी, शिलेदाराचं घरचं. १७२३ मध्ये पिलाजीरावांनी सुरतेच्या मोमिनखानाला हरवून चौथाई वसूल केली.

किंमतही मोजावी लागली. १७३१ मध्ये डभईजवळ दाभाडे-पेशवे लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले, पिलाजीरावांचा मुलगा सयाजीही गेला. पुढच्याच वर्षी डाकोरला जोधपूरच्या अभयसिंहाच्या माणसांनी पिलाजीरावांचा दग्यानं खून केला.

तळ मात्र मोडला नाही. दुसरे चिरंजीव दमाजीराव यांनी दौलत वाढवली. १७६६ पर्यंत गायकवाडांचं मुख्य ठाणं सोनगडच होतं. आज नवापूर महाराष्ट्रात, सोनगड गुजरातेत. पण बडोद्याच्या गादीची सुरुवात याच वाटेवर झाली.