टेलिफोनवाल्या बेल यांची छोटी शाळा

१८७२ मध्ये बॉस्टन शहरात जॉर्ज सँडर्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा पंचविशीतल्या एका शिक्षकाकडे शिकायला आला. मूल जन्मतः बहिरे. शब्द ऐकू येत नव्हते हे तर झालेच, पण शब्द नावाची काही गोष्ट असते याचाही त्याला पत्ता नव्हता. शिक्षकाने एक हातमोजा घेतला आणि त्यावर अक्षरे लिहिली. एकामागून एक अक्षरांना बोट लावले की शब्द तयार होई. खेळण्यांना त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावल्या. हवे ते खेळणे मिळवायचे तर त्याचे नाव ओळखावे लागे. थोड्याच दिवसांत त्या मुलाला वाचनाची गोडी लागली.

हे शिक्षक म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. टेलिफोनचे पेटंट त्यांना १८७६ मध्ये मिळाले आणि त्या प्रयोगांना पैसा पुरवणाऱ्यांत जॉर्जचे वडील होते. पुढे जगभर नाव झाले तरी बेल स्वतःची ओळख कर्णबधिरांचा शिक्षक अशीच करून देत. हा विनय नव्हता. त्यांच्या आयुष्यातला खरा प्रश्न तोच होता: बहिऱ्या मुलाला लहानपणीच हाताशी धरले, घरात त्याच्याकडून खूप काही करून घेतले, तरी पुढे शाळेचे काय?

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी एडिनबरामध्ये झाला. (३ मार्च हाच आता जागतिक श्रवण दिन आहे. तारीख मात्र ३ या आकड्याच्या कानासारख्या आकारावरून निवडलेली आहे.) वडील उच्चारशास्त्राचे शिक्षक. जीभ, ओठ आणि घसा कोणत्या ध्वनीसाठी कसे हलतात, हे चिन्हांनी दाखवणारी लिपी त्यांनी तयार केली होती. आई एलायझा यांना फारच कमी ऐकू येई. इतर लोक त्यांच्या श्रवणनळीत ओरडत. हा मुलगा मात्र त्यांच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हलक्या आवाजात बोले किंवा घरातले संभाषण बोटांच्या वर्णमालेने त्यांना कळवत राही. दोन भाऊ क्षयाने गेले. उरलेल्या एका मुलाला वाचवण्यासाठी १८७० मध्ये हे कुटुंब कॅनडाला गेले आणि पुढच्याच वर्षी बेल बॉस्टनच्या कर्णबधिर शाळेत वडिलांची लिपी शिकवू लागले.

तिथे विद्यार्थिनी म्हणून आलेली मेबल हबर्ड पुढे त्यांची पत्नी झाली. मेबलची कहाणी आजच्या पालकांनाही ओळखीची वाटेल. पाचव्या वर्षी स्कार्लेट फीव्हर झाला आणि ऐकू येणे कायमचे गेले. कर्णबधिरांच्या बहुतेक निवासी संस्था त्या काळी मूल आठ-दहा वर्षांचे होईपर्यंत त्याला घेत नसत. मधली चार-पाच वर्षे घरी बसून काढायची, आणि तोवर आलेले बोलणे विसरून जायचे, असा तो हिशेब होता. मेबलच्या आईने तो मानला नाही. मुलीशी सतत बोलत राहायचे, तिला ओठ वाचायला लावायचे, असा नेम तिने धरला. मेरी ट्रू नावाची शिक्षिका घरी आली. वडील गार्डिनर हबर्ड यांनी खटपट केली आणि १८६७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये क्लार्क शाळा उभी राहिली. मेबल पुढे अस्खलित ओठ वाचू लागली, बोलू लागली.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. बहिरेपण आले तेव्हा मेबलच्या डोक्यात पाच वर्षांची इंग्रजी भाषा आधीच रुजलेली होती. जॉर्जचे तसे नव्हते. आज भाषाविकासाचा अभ्यास सांगतो, की मेंदूला पहिल्या काही वर्षांत कोणती तरी पूर्ण भाषा मिळणे आवश्यक असते. ती कानांनी मिळो की हातांच्या खुणांनी, मेंदूला फारसा फरक पडत नाही. मिळालीच नाही तर मात्र पडतो. जन्मतः बहिरे मूल आणि भाषा शिकल्यानंतर बहिरे झालेले मूल यांची गरज एक नसते. बेल यांना हा फरक कळत नव्हता असे नाही, पण घरात रोज बोलणारी, ओठ वाचणारी मेबल समोर असताना तो त्यांच्या हिशेबात पुरेसा उतरला नाही.

१८८३ च्या शरद ऋतूत बेल यांनी वॉशिंग्टनमध्ये एक छोटी खासगी शाळा काढली. बहिरी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण त्याच इमारतीत ऐकू येणाऱ्या मुलांची बालवाडीही होती. बहिऱ्या मुलांचे धडे वेगळे, खेळ मात्र एकत्र, आणि संध्याकाळी ज्याने-त्याने आपापल्या घरी जायचे. वर्गातल्या वस्तूंवर, जॉर्जच्या खेळण्यांवर होत्या तशाच, नावांच्या चिठ्ठ्या होत्या. मुलाला घरापासून तोडून दूरच्या वसतिगृहात न पाठवता, गल्लीतली मुले जिथे जातात तिथेच त्याच्यासाठी जागा करायची, ही कल्पना त्या काळाच्या फार पुढची होती. टेलिफोनच्या पेटंटवरचे खटले बेल यांचा वेळ खाऊ लागले आणि दोन वर्षांतच शाळा बंद पडली. कल्पना मात्र त्यांनी सोडली नाही. १८८५ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने कर्णबधिरांच्या दिवसशाळांना सरकारी मदत देणारा कायदा केला, त्यासाठी त्यांनी जातीने प्रयत्न केले होते.

त्याच १८८३ च्या नोव्हेंबरमध्ये बेल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला, आणि तो त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. बहिरी माणसे बहिऱ्यांशी लग्ने करतात, त्यातून मानवाची बहिरी उपजात तयार होईल, अशी भीती त्यात होती. लग्नबंदीचा कायदा उपयोगाचा नाही, असे त्यांचेही मत पडले. पण वसतिगृहे, खुणांची भाषा आणि बहिरे शिक्षक यांमुळेच ही माणसे एकमेकांजवळ येतात, म्हणून हे तिन्ही हटवावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. विज्ञान म्हणूनही ते कच्चे होते. दहांतली नऊपेक्षा जास्त बहिरी मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात.

म्हणजे वॉशिंग्टनच्या त्या बालवाडीचे दार उघडे होते, पण हातांची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवूनच आत यायचे होते. १८८० च्या मिलान परिषदेने शाळांतून खुणांच्या भाषेला हाकलण्याचा ठराव केला होता. बेल तिथे हजर नव्हते, तरी अमेरिकेत त्या मताचे सर्वांत वजनदार पुरस्कर्ते तेच ठरले. एडवर्ड माइनर गॅलॉडेट यांच्याशी त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. गॅलॉडेट यांची आई बहिरी होती. त्यांचा आग्रह होता की बोलणेही शिकवा, खुणाही राहू द्या. या वादात बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. कितीतरी मुलांची उमेदीची वर्षे एकेक उच्चार घोटण्यात गेली आणि हातात ना बोलणे आले ना भाषा.

आणि तरीही हेलन केलरच्या आयुष्यात बेल नसते तर काय झाले असते, सांगता येत नाही. अंध आणि बहिरी अशी सहा वर्षांची मुलगी घेऊन तिचे वडील त्यांना भेटायला वॉशिंग्टनला आले. बेल यांनी त्यांना बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेकडे धाडले. तिथून ॲन सुलिव्हन ही शिक्षिका अलाबामात केलर कुटुंबाकडे पोहोचली ती ३ मार्च १८८७ रोजी, बेल यांच्या चाळिसाव्या वाढदिवशी. ॲनने हेलनला जे दिले ते तळहातावर बोटांनी लिहून. त्या पद्धतीला बेल यांचा विरोध नव्हता. बोटांनी इंग्रजी शब्द लिहिणे त्यांना चाले, खुणांची स्वतंत्र भाषा चालत नसे. पुढे हेलन शाळेत आणि नंतर रॅडक्लिफ कॉलेजात गेली, तेव्हा प्रत्येक तासाला ॲन शेजारी बसून शिकवलेले तिच्या हातावर लिहीत असे. नुसता प्रवेश देऊन भागत नाही, वर्गात मदतीचे माणूसही लागते, हे त्यातून स्वच्छ दिसले. हेलनने १९०३ मध्ये आपले आत्मचरित्र बेल यांना अर्पण केले.

१८९८ मध्ये अमेरिकेतल्या शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेपुढे बेल यांनी मांडले, की बहिऱ्या, अंध आणि मंदगती मुलांसाठी नेहमीच्या सरकारी शाळांनाच जोडून खास वर्ग असावेत. मुलांनी दिवसाचा काही वेळ तिथे शिकावे आणि बाकी वेळ इतरांबरोबर राहावे.

२ ऑगस्ट १९२२ रोजी नोव्हा स्कोशियातल्या घरी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन मिनिटभर बंद ठेवण्यात आले होते. पाच महिन्यांनी मेबलही गेली.

अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या अपंग बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेपाची सेवा सुरू झाली. त्यात थेरपिस्ट घरी येतात, आईवडिलांनाही शिकवतात. तिसऱ्या वाढदिवसानंतर जबाबदारी शाळेकडे जाते, आणि त्याआधी किमान ९० दिवस पालक व दोन्हीकडच्या लोकांची बैठक घ्यावी लागते. मेबलची वाया जाऊ पाहणारी चार-पाच वर्षे आता कायद्याने भरून काढली आहेत. १९९७ च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक विचार बंधनकारक केला: मूल बहिरे असेल, तर त्याची भाषा कोणती, आणि त्या भाषेत त्याच्याशी थेट बोलू शकणारे सवंगडी व शिक्षक त्याला शाळेत मिळतील का.