लंडनमधील दुहेरी अध्ययन : विद्यार्थी भीमराव आंबेडकर

एकाच वेळी दोन पदव्यांचा अभ्यास करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दिली आणि पदवीधर मुलांच्या घरांत एक नवा प्रश्न उभा राहिला. एका विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासाबरोबर त्याच्या जवळचा दुसरा विषयही घ्यावा का? दोन्ही झेपतील, की दोन्हीकडे अर्धवटपणा येईल? घरी मराठी, अंगणाबाहेर कन्नड आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा तीन भाषांत वाढणाऱ्या बसवनगुडीतील मुलांच्या पालकांनाही हा प्रश्न पडतोच. त्याचा विचार करताना शंभर वर्षांपूर्वीच्या एका मराठी विद्यार्थ्याचे जीवन डोळ्यांसमोर आणणे उपयोगी ठरेल. बंगळूरच्या विधानसौधासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा आहे. संविधानाचे शिल्पकार म्हणून त्यांना सारे ओळखतात. मात्र त्या शिल्पकाराला घडविणारी दहा वर्षे, १९१३ ते १९२३, विद्यार्थ्यांनी विशेषत्वाने अभ्यासावीत अशी आहेत.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षकही होते. मुलांनी शिकावे याची त्यांना तळमळ होती. बालपणीच आई भीमाबाईंचे छत्र हरपले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचे नाव दाखल झाले. त्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे आणि तहान लागली तरी कोणी वरून पाणी ओतीपर्यंत थांबावे लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ती भाषा त्यांना नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. नाकारलेले ते संस्कृत त्यांनी नंतर स्वप्रयत्नाने आत्मसात केले. एखादे दार बंद झाले तरी त्या ज्ञानाचा नाद सोडायचा नाही, ही वृत्ती त्यांच्या ठायी इतक्या लवकर दिसते.

मॅट्रिकनंतर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पूर्ण केले. पदवी हाती येते न येते तोच २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी बडोदा संस्थानाने त्यांना अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी पाठविण्याचे ठरविले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याची अट होती. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

या विद्यार्थ्याचा वेळ मोजून मिळालेला होता. शिष्यवृत्तीचा काळ संपला की शिक्षणही संपणार होते आणि घरची कोणतीही मिळकत त्याला परदेशात एक महिनाही अधिक ठेवू शकत नव्हती. त्यामुळे कोलंबियात त्यांनी एका विषयावर समाधान मानले नाही. मुख्य विषय अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. त्याखेरीज इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम होते. सेलिग्मन हे अर्थशास्त्राचे, तर जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञानाचे अध्यापक त्यांना लाभले. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. पूर्ण केले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला आणि त्याच सुमारास भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंधही हातावेगळा केला. वरवर पाहता हे विषय दूरचे वाटतात. परंतु समाजाची रचना आणि त्या समाजातील संपत्तीची वाटणी हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, हे त्यांना तेव्हाच उमगले असले पाहिजे. त्यांचे पुढचे सारे लेखन याच जाणिवेवर उभे आहे.

१९१६ च्या उत्तरार्धात ते लंडनला गेले आणि त्यांच्या दुहेरी अध्ययनाला खऱ्या अर्थाने आरंभ झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवीसाठी नाव नोंदविले आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. एकीकडे हॉबहाऊस यांची समाजशास्त्रावरील, मॅकिंडर यांची भूगोलावरील आणि लोव्ज डिकिन्सन यांची राजकीय विचारांवरील व्याख्याने, तर दुसरीकडे कायद्याचे ग्रंथ अशी त्यांची दिनचर्या होती. इंग्लंडमध्ये बॅरिस्टरच्या उमेदवाराला परीक्षांबरोबर आपल्या संस्थेत ठरावीक सत्रांत भोजनास उपस्थित राहून सत्रे भरावी लागत. अर्थशास्त्राची पदवी मात्र व्याख्याने आणि प्रबंध यांवर अवलंबून होती. दोन्हींच्या वेळांचे स्वरूप वेगळे असल्याने ती एकत्र चालविणे शक्य होते. अर्थशास्त्राची संस्था, ग्रेज इन आणि ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय ही तिन्ही ठिकाणे पायी जाण्याच्या अंतरावर होती, ही अनुकूलताही लहान नव्हती.

परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये दोन्ही अभ्यास अर्ध्यावर सोडून त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी मात्र त्यांनी आधीच मिळविली होती. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि ग्रंथ ज्या बोटीवर होते, ती बोट पाणतीराच्या हल्ल्यात बुडाली. पोटाला चिमटा घेऊन जमविलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली.

बसवनगुडीत नॅशनल हायस्कूलची मुहूर्तमेढ रोवली गेली, त्याच १९१७ सालच्या सप्टेंबरात आंबेडकर करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. शहरात कोणीही आसरा दिला नाही, तेव्हा सार्वजनिक बागेत वेळ काढून त्यांनी मुंबईची गाडी धरली. विद्येने मनुष्य मोठा होतो हे सुभाषित त्या दिवशी खोटे पडले होते. त्यानंतर शिक्षण व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे कोणालाही सोपे गेले असते. आंबेडकरांनी तो काढला नाही. अपुरे राहिलेले दोन्ही अभ्यास पुरे करण्याचा निश्चय त्यांनी कायम ठेवला.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून शक्य तितकी शिल्लक बाजूला पडू लागली. या साऱ्या काळात घरचा भार पत्नी रमाबाईंनी वाहिला. पती परदेशी असताना हातातोंडाची गाठ घालणे, शिल्लक टाकता यावी म्हणून तोकड्या पैशांत संसार भागविणे आणि पाच अपत्यांपैकी चौघांचे मृत्यू पाहणे हे त्यांच्या वाट्याला आले. बाबासाहेबांच्या पदव्यांचा हिशेब मांडताना या माउलीचे ऋण सर्वांत वर लिहावे लागेल. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे मराठी पाक्षिक सुरू झाले. उच्च शिक्षण इंग्रजीत घेतलेल्या या विद्वानाने आपल्या माणसांशी बोलण्यासाठी मातृभाषाच निवडली, हे मराठी शाळेत शिकलेल्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांचे साहाय्य, कोलंबियातील पारशी मित्र नवल भथेना यांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज आणि स्वतःची शिल्लक एवढ्या बळावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

या वेळचे दिवस अधिक कठीण होते. सकाळी ग्रंथालय उघडण्याच्या वेळी हजर व्हावे आणि बंद होईपर्यंत उठू नये, असा त्यांचा नेम होता. दुपारच्या जेवणावर पैसा आणि वेळ खर्च होऊ नये म्हणून ते बहुधा टाळले जाई. बसचे भाडे वाचविण्यासाठी पायपीट होई. रात्री खोलीवर पुन्हा वाचन चाले आणि भूक असह्य झाली की भारतातून आणलेल्या पापडांवर भागविले जाई. जून १९२१ मध्ये ब्रिटिश भारतातील साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेच्या प्रांतिक विकेंद्रीकरणावरील प्रबंधासाठी त्यांना लंडन विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली. १९२२ मध्ये ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर म्हणून मान्यता दिली. सहा वर्षांपूर्वी एकाच वर्षी हाती घेतलेली दोन्ही कामे एका वर्षाच्या अंतराने पूर्ण झाली.

त्याच सुमारास जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदविले होते. तो अभ्यास मात्र पूर्ण होऊ शकला नाही. माणसाच्या शक्तीला आणि पैशाला मर्यादा असतात, त्या त्यांनाही होत्या. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी सादर केला होता. परीक्षकांनी त्याचे फेरलेखन करण्यास सांगितले. आंबेडकरांनी मांडणीत बदल केला, निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ च्या अखेरीस प्रबंध मान्य झाला आणि ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी काही मुद्द्यांवर मतभेद नोंदवूनही त्यास प्रस्तावना लिहिली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ मध्ये छापून आल्यानंतर, १९२७ मध्ये पदरात पडली. तो ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला.

दोन विद्यांचा हा संगम केवळ प्रमाणपत्रांच्या संख्येत भर घालण्यासाठी होता काय? पुढील आयुष्याने याचे उत्तर दिले आहे. १९२३ पासून ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. १९२५ मध्ये भारतीय चलनाविषयीच्या शाही आयोगापुढे अर्थतज्ज्ञ म्हणून त्यांनी साक्ष दिली. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. तो लढा रस्त्यावर जितका झाला, तितकाच न्यायालयातही झाला आणि तेथे त्यांची बॅरिस्टरी कामी आली. २९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधानाच्या मसुदा समितीची स्थापना होऊन अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. केंद्र आणि राज्ये यांच्यातील महसुलाची वाटणी हा संविधानातील अतिशय गुंतागुंतीचा भाग. ठरावीक काळाने वित्त आयोग नेमण्याची तरतूद २८० व्या अनुच्छेदात आहे. ज्या विषयावर तरुणपणी त्यांनी प्रबंध लिहिले, तोच विषय आता कायद्याच्या भाषेत बांधावयाचा होता. त्या समितीच्या अध्यक्षस्थानी अर्थशास्त्र आणि कायदा या दोन्हींत पारंगत असलेला मनुष्य असणे ही देशाच्या भाग्याची गोष्ट ठरली.

स्वतःला मिळालेले शिक्षण त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढील वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. समुद्रात पुस्तके गमावलेल्या या विद्यार्थ्याने दादरला राजगृह बांधले, ते मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहासाठी. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले.

दोन पदव्या एकत्र घ्याव्यात का, या प्रश्नाचे सर्वांना लागू पडणारे उत्तर या चरित्रात शोधू नये. मात्र निर्णय घेण्यापूर्वी स्वतःला विचारावयाचे प्रश्न त्यातून निश्चित मिळतात. दोन्ही विद्या एकमेकींना पूरक आहेत काय? त्यांचे वेळापत्रक खरोखर जुळते काय? परिस्थितीने मध्येच उठविले तर परत येण्याची वाट आधी खुली करून ठेवली आहे काय? आणि या विद्येची खरी गरज कोणाला आहे? भीमरावांना मोजकीच वर्षे उसनी मिळाली होती आणि त्या वर्षांचा एकही दिवस त्यांनी वाया घालविला नाही. आज शिष्यवृत्त्या, ग्रंथालये आणि नियमांची अनुकूलता सहज लाभलेल्या पिढीने आपल्या सवडीचा हिशेब त्या चिकाटीशी ताडून पाहावा. हीरक महोत्सवाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या शाळेच्या मुलांपुढे याहून चांगला आदर्श क्वचितच सापडेल.