डोळ्याला थेंबांची भूल देणारे डॉ. कार्ल कोलर

आजीचा मोतीबिंदू थेंब टाकून निघाला, मग नातवाला पूर्ण भूल कशाला? यवतमाळ जिल्ह्यात तिरळेपणा, जन्मजात मोतीबिंदू किंवा काचबिंदू असलेल्या मुलांचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. थेंबांची भूल शोधणाऱ्या डॉ. कार्ल कोलर यांची गोष्ट समजली, की उत्तरही समजते.

कोलर यांचा जन्म १८५७ साली बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात झाला. व्हिएन्नात शिकून त्यांना नेत्रतज्ज्ञ व्हायचे होते. ईथर आणि क्लोरोफॉर्म तेव्हा उपलब्ध होते, पण त्या भुलीत रुग्णाला खोकला आणि उलट्या होत. त्यामुळे डोळ्यातला दाब एकदम वाढून ताजी जखम उघडण्याची भीती असे. म्हणून डोळ्याची शस्त्रक्रिया बहुधा रुग्णाला जागे ठेवून, घट्ट धरूनच करत.

१८८४ साली त्यांचे मित्र सिग्मंड फ्रॉइड कोकेनचा अभ्यास करत होते. कोकेनने जीभ बधिर होते, मग डोळा का होणार नाही, असे कोलर यांच्या मनात आले. बेडूक, ससा, कुत्रा आणि शेवटी स्वतःचा डोळा, असे त्यांनी प्रयोग केले. बुबुळाला टाचणीचे डोके लावले तरी काही जाणवले नाही. त्या सप्टेंबरमध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या परिषदेत हा शोध मांडला गेला. प्रवासाला पैसे नसल्याने त्यांचा निबंध दुसऱ्या डॉक्टरांनी वाचला.

पुढच्याच वर्षी ज्यू म्हणून झालेल्या अपमानावरून द्वंद्वयुद्ध झाले आणि त्यांना व्हिएन्ना सोडावे लागले. १८८८ साली ते न्यूयॉर्कला गेले, तिथे नेत्रतज्ज्ञ म्हणून काम केले आणि १९४४ साली वारले. आज कोकेनऐवजी अधिक सुरक्षित औषधे वापरतात.

पण थेंबांची भूल चालते ती शांत पडून राहणाऱ्या माणसाला. लहान मूल रडते, हलते, डोळे घट्ट मिटते, आणि त्यानेही दाब वाढतो. म्हणून त्याला पूर्ण भूल लागते. आजची भूल कोलर यांच्या काळासारखी नाही. भुलीच्या वायूने डोळ्याचा दाब सहसा थोडा कमी होतो. काही औषधांनी आणि श्वासनळीत नळी घालताना तो थोडा वेळ वाढतो. भूलतज्ज्ञ हे लक्षात घेऊन औषध निवडतात. काचबिंदूची शंका असेल, तर मूल झोपताच, शक्यतो नळी घालण्याआधी दाब मोजतात.

पालकांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. सर्दी, खोकला, ताप असेल तर आधीच सांगा. सांगितलेल्या वेळेनंतर, मूल कितीही रडले तरी, दूध किंवा बिस्कीट देऊ नका. भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते आणि जिवावर बेतू शकते.